पेव

सांगली स्टेशन झालं एकदाचं.
कौलं बिस्किटाच्या खोक्यातल्या नालीदार कागदाची,
भिंती मगदुमांच्या थोरल्याच्या लग्नपत्रिकेच्या.
‘कृपया आहेर आणू नये’
आता पार्सल ऑफिसच्या आतल्या बाजूला.

केबिनला जिना लावायचा राहिला
आणि केबिनमन वर चिकटवून बसलो.
राहू दे.
आमचे शिवगणही एकदा चढले
की डबा वर मागवायचे.

मालधक्का, वजनकाटा, दोन काड्यांचा चहाचा टपरा.
तस्नीम शेजारून काडेपेट्या आणून देते,
हिशेब विचारते.
“हळद गाडीत भरता, काका,
मग हरिपूरचं पेव कुठंय?”
“जमिनीखाली असतं ते.
वरून काय दिसणार?”
“पण आहे ना?”

रात्री झोप येईना.
खिळा गॅसवर तापवला,
थर्माकोलमध्ये उतरवला सरळ,
वर निमुळतं, खाली पोट सुटलेलं.
डब्यातली चिमूटभर हळद आत,
वर मातीच्या रंगाचं झाकण, रुपयापेक्षा लहान.
जवळून बघितलं तरी कळत नाही.

सकाळी तिचं बोट पिवळं.
मी काही बोललो नाही,
तीही नाही.
आठ छप्पनची सोडली,
अकरा मिनिटं लेट,
मुद्दाम.