आठ नळ्या

वडाळा गावातून इद्रीस कुरेशी आला
सिव्हिलच्या मागच्या दाराने.
पुढच्या दाराकडे तो बघत नाही.
तिथूनच धाकट्याला नेलं, झुबेरला,
प्लास्टिकमध्ये, चेहरा न दाखवता.

गोचीड एकच होती म्हणे,
बकऱ्याच्या कानामागची.
एकाने ओढली, दुसऱ्याने नखाने चिरडली.
दोघांच्याही हिरड्यांतून रक्त आलं.
एकाचं थांबलं.

"का थांबलं, मॅडम?"
मी दंडाला पट्टा आवळते.
उत्तर माहीत असतं
तर सुई कशाला लागली असती?

सातपूरला, कंपन्यांच्या भोंग्यांमध्ये, आमची खोली.
विषाणू इथे नाही,
त्याचा फक्त एक तुकडा, दात काढलेला.
तो समोर धरून
इद्रीसच्या पेशींना एकेक करून विचारते:
तू पाहिलंस याला? तू?
कुणी गोवर सांगते,
कुणी लहानपणच्या कांजिण्या,
बऱ्याचशा काहीच नाही.

अकराव्या आठवड्यात, पहाटे,
प्लेटच्या एका वाटीत
काजव्याएवढं हिरवं.
हिला आठवतं.
मी खुर्चीवरून उठले आणि
कुणीच नव्हतं सांगायला,
तर फ्रीजला सांगितलं.

पुढे सात महिन्यांनी पुण्याहून कळलं:
सहापैकी पाच उंदीर जगले.
वहीत सहावाही लिहिला.

इद्रीसला फोन केला.
पलीकडे बकऱ्यांचा कालवा.
"मी काय केलं, मॅडम?
मी तर नुसता उरलो."
मग बराच वेळ फक्त बकऱ्या.
"आणखी लागलं तर
डाव्या हातातून घ्या.
उजव्याला काम असतं."