उभा की आडवा

एल्विनची वही तिच्या मांडीवर आहे.
निळ्या पुठ्ठ्याची, कोपऱ्यावर चहाचं वर्तुळ.
बारा उन्हाळ्यांचे मुक्काम तिच्यात,
प्रत्येक मुक्कामाला एक ओळ:
'तळ्याकाठी, मागची रांग. एकशे बारा अंश. आडवा. छान.'
'किल्ल्याखाली, भिंतीलगत. सत्तावन्न. उभा. पावसात चौकोन पडतात.'
'उतारावरचं शेत. नाही. कुठूनच नाही. पत्ते खेळलो.'

समुद्र कुठेच नाही या वहीत.
डोंगर आहेत, पण आड येणारे म्हणून.
झाडं आहेत ती पानांच्या हिशेबात:
'एप्रिलमध्ये दिसतं. जूनमध्ये विसरा.'

वेल्सच्या पश्चिम टोकाला, मिसेस प्रॉथरोच्या शेतात
नेरिसने कॅरव्हॅन लावली,
चारी पाय टेकवले, गॅस जोडला,
पाण्याचं पिंप लोळवत आणलं नळापासून.
ही कामं पहिल्यापासून तिचीच.
अँटेना तेवढा त्याचा.
तो बाहेर वाऱ्यात, काठीला धरून,
ती आत पडद्यासमोर, खिडकी बोटभर उघडी,
आणि मध्ये तीन शब्द:
आलं. गेलं. थांब.

एरवी पुष्कळ बोलले असतील दोघं चाळीस वर्षांत,
पण इतक्या मोठ्याने नाही.

लहान मनोऱ्यांना उभा लागतो, मोठ्यांना आडवा,
हे त्याने शंभरदा सांगितलं होतं
आणि ती शंभरदा म्हणाली होती,
तुझं तू बघ.

आज होकायंत्र तिच्या तळहातावर.
सुई थरथरते की हात, कळत नाही.
वही म्हणते, दोनशे तीस, उभा.
तिने दोनशे तीसला उभा केला,
आत येऊन पाहिलं. काळं. सिग्नल नाही.
बाहेर जाऊन केसभर फिरवला,
आत आली.
बाहेर.
आत.
पायपुसण्यावर गवत साचत गेलं.

पूर्वी निदान मुंग्या यायच्या.
मुंग्यांतूनही माणूस ओळखू यायचा,
कोण रडतंय, कोण गोल मारतंय, एवढं तरी.
आता एक तर असतं,
नाही तर नसतं.

'मी धरू?'
शेजारच्या तंबूतली ग्वेनो, नऊ वर्षांची,
एका हातात अर्धा टोस्ट.
नेरिसने काठी तिच्या हातात दिली, अंश सांगितले.
अंश म्हणजे काय ते तिला ठाऊक नव्हतं.
वाऱ्याने काठी भोवंडली, खिळ सैल होती,
अँटेना समुद्राकडे वळून
कुशीवर निजल्यासारखा आडवा झाला
आणि ग्वेनोने त्याला तसाच धरून ठेवला,
कारण टोस्टही धरायचा होता.

'आलं!'
नेरिसचा आवाज शेताच्या फाटकापर्यंत गेला.
दोन मेंढ्यांनी मान वर केली.

आलं ते पलीकडचं.
पाण्यापल्याडचं, आयर्लंडचं:
कुठल्याशा गावातला बैलांचा लिलाव,
मग टाय जरा वाकडा झालेला हवामानवाला.
त्याच्या नकाशावर उद्याचा पाऊस,
गावोगाव आकडे, बारा, चौदा, तेरा,
आणि उजव्या कडेला तिचा अख्खा देश,
राखाडी,
एकही आकडा नसलेला.

कुठेतरी त्याच राखाडीत ही गाडी,
हा पडदा, ही ती.

तिने वही उघडली.
'प्रॉथरोंचं शेत. अंश माहीत नाही. आडवा.'
पुढे 'छान' लिहिते तो त्याचा शब्द.
पेन तिथेच टेकून राहिलं,
शाईचा ठिपका मोठा होत गेला.

'सोडू का आता?' बाहेरून ग्वेनो.
टोस्ट संपला होता. हात भरून आला होता.

हवामानवाला सांगत होता,
पहाटेपासून पश्चिमेकडून सरी येतील,
किनाऱ्यावरच्या लोकांनी कपडे आत घ्यावेत.

नेरिसने खिडकी आणखी बोटभर उघडली.

'थांब,' ती ओरडली.