पुरवठा

रात्री दोन वाजता भांडुपच्या नियंत्रण कक्षात
गढूळपणाचा आकडा पॉइंट चारवर बसून राहतो,
म्हणजे सारं ठीक.
खाली गाळण्यांतून पाणी उतरतं, आवाज न करता.
वर मी, थर्मासमधला चहा, पंपांचे हिरवे दिवे.
अशा वेळी वही उघडते.

सहा वर्षं झाली, एकाच क्रियापदावर लिहिते आहे : पुरणे.
पगार पुरतो, पुरत नाही. हौस पुरवतात.
पुरवठा त्यातलाच, ज्याच्यावर माझं पोट.
आणि मेलेलं मांजर अंगणात पुरतात, तेही हेच.
भरलेला हंडा आणि बुजवलेला खड्डा
एका शब्दात शेजारी कसे राहतात,
या प्रश्नाशी पान त्रेपन्न अडलंय.
व्युत्पत्ती ठाऊक आहे. व्युत्पत्तीनं भागत नाही.

फोन वाजतो.
डाबरे, टेकडीवरून : "मॅडम, दाब पडतोय."
मी नकाशा पाहते, सांगते, झडप बंद करा, पण...
"हळूच करतो. तीस वर्षं हळूच करतोय."
चालतं पाणी एकदम अडवलं
तर ते मागे फिरून जलवाहिनीच फोडतं.
हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात.
तरी सकाळी सातला पाळी सुटली की मी
चपलांसकट येऊन टेबलाशी बसायचे,
अंगातली रात्र अजून वेगात,
आणि पान त्रेपन्नवर धाडकन दार लावायचे.
मग उजव्या खांद्यात काहीतरी फुटायचं.

मुलुंडच्या डॉक्टर गंद्रे म्हणाल्या, एकशे अठ्ठावन्न, नव्याण्णव.
माझ्या तोंडून गेलं, "कुठं मोजलात? टाकीशी, की शेवटच्या घराशी?"
त्या हसल्या नाहीत.
"झोप किती?" मी पाळ्यांचा तक्ता दाखवला.
"लिहिणं थांबवा थोडे दिवस."
नोकरी थांबवा असं कुणीच म्हणत नाही,
घराचा हप्ता त्यांनाही ठाऊक असतो.
लिहिणं मात्र सगळ्यांनाच गळती वाटते.

मग मी माझेच विभाग पाडले, शहरासारखे :
एवढे तास प्रकल्पाला, एवढे वहीला,
पाऊण तास पवईच्या तलावाकडेनं चालणं.
तक्ता देखणा झाला.
चालताना वाक्यं सुचत, लिहिताना पंप आठवत,
पंपांपाशी गुडघा.
ऋजुता म्हणाली, "आई, तू माझं ऐकताना
मनातल्या मनात दुरुस्त्या करतेस."
खरं होतं ते. मी नेमकं तिचं क्रियापद
वाक्याच्या शेवटी नेऊन ठेवत होते.

डाबरेंनी एकदा हवेची झडप दाखवली,
चढाच्या माथ्यावर, तांब्याएवढी.
पाणी भरपूर असतं, दाबही असतो,
पण माथ्याशी हवा कोंडली की पुढची वस्ती कोरडी.
फुस्स झालं, एवढंच.
"हिच्यातून काही मिळत नाही," ते म्हणाले,
"म्हणून नव्या साहेबांना ती नकाशात दिसत नाही."
मी ते लगेच टिपून घ्यायला गेले,
आणि पेन सापडलं नाही. बरं झालं.

गेल्या गुरुवारी, कांजूरला, घरी.
पाण्याची वेळ नऊ दहा ते साडेदहा.
नळाखाली बादली लावली, जरा टेबलाशी टेकले,
वही उघडी, डोकं वहीवर.
जाग आली तेव्हा ऊन भिंतीवरून उतरलं होतं,
गालावर निळी शाई,
खांदा आपल्या जागी.
आणि पान त्रेपन्न, माझ्या अडलेल्या वाक्याखाली
ऋजुताचं वाकडं अक्षर :
बादली भरली. नळ मी बंद केला.

निबंध अजून तिथंच आहे.
तिची ओळ ठेवायची की खोडायची, ठरत नाही.
आज पुन्हा रात्रपाळी.
दुपारी झोपणार आहे.