टोकाची बाजू

टपाल कचेरीतल्या बाईंनी विचारलं, आत काय आहे?
दगड, मी म्हटलं.
बाहेरून दगड मागवता?
त्यांनी खिडकीतून पाहिलं. पारसिकचा डोंगर
अर्धा कापलेला उभा होता.
मग काही न बोलता शिक्का मारला.

देवघेव साधी आहे.
तुर्भ्याच्या खाणीत बार उडाला की पोकळ्या उघड्या पडतात.
कधी आत पोपटी प्रीह्नाइट, कधी मोत्यासारखं स्टिल्बाइट.
क्रशरला त्याचं काय, त्याची खडीच होते.
मी ते कापसात गुंडाळते, बुटांच्या खोक्यात भरते,
किमतीच्या रकान्यात शून्य लिहिते
आणि जर्मनीतल्या एका निवृत्त ट्रामचालकाला पाठवते.
त्याच्या गावावर दीड कोटी वर्षांपूर्वी आभाळातून दगड पडला होता.
तो त्या जागेचे तुकडे पाठवतो.

घणसोलीच्या घरी कपाटाचा एक कप्पा माझा:
हिरवी काच, वितळून उडालेली, हवेतच थिजलेली,
सोड्याच्या बाटलीच्या बुडासारखी.
करडा खडक, त्यात काळ्या काचेचे ओघळ.
लोणारचं काहीच नाही. तिथून खडा उचलायचा नसतो.
दोनदा गेले, दोन्ही वेळा
चपला झटकून परत आले.

आणि आता हा.
वीतभर चुनखडी, शंकूच्या घाटाची,
टोकापासून खाली रेघाच रेघा,
फाटे फुटत, त्या फाट्यांना परत फाटे.
पुस्तकात म्हणतात घोड्याची शेपटी.
मला पाग दिसतो,
हातातून सुटलेला, अजून पाण्याला न टेकलेला.

सोबत चिठ्ठी: धक्का ज्या बाजूने आला
टोक बहुतेक त्या बाजूला असतं.
बहुतेक या शब्दाखाली त्याने रेघ मारली होती.

बाबांना दाखवायचा नव्हता.
बत्तीस वर्षं त्यांनी खाणीत सुरुंग भरले.
डावा कान एकोणनव्वद साली गेला,
उजवा नंतर, हप्त्याहप्त्याने.
पण कापूस पसरलेला बघून ते आले,
लुंगीला हात पुसले, दगड घेतला.
अंगठा खालून वर नेला, सावकाश,
माशाचं खवलं काढावं तसा उलटा,
आणि टोकाशी थांबले.

"सुरुंग इथं व्हता."
मग, "कवरा मोठा?"

मी हात पसरले. पुरले नाहीत.
खिडकीतून दाखवलं: इथून ऐरोलीच्या पुलापर्यंत खड्डा.
ते हसले नाहीत.
"कोन मेला?"

कोणी नाही बाबा, तेव्हा माणूसच नव्हता,
हे मी ओरडून सांगितलं, ओरडूनच सांगावं लागतं.
समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणारी बाई
थबकून बघत राहिली.

हासुरामचं नाव आमच्या घरात कुणी घेत नाही.
मला एवढंच ठाऊक आहे: एक बार उशिरा उडाला,
आणि बाबा पाणी प्यायला मागे फिरले होते.
बाकीचं कंत्राटदाराच्या कागदात आहे,
तेही असलं तर.

बाबांनी दगड कपाटात ठेवला नाही.
खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, फिरवला,
दोन पावलं मागे जाऊन पाहिलं, परत फिरवला.
टोक डोंगराकडे झालं
तेव्हा हात काढला.

हा तिकडचा नाही, असं सांगायला मी तोंड उघडलं होतं.

रात्री जर्मनीला लिहिलं, दगड पोचला, सुरेख आहे.
आणि विचारलं, पुढे सगळा खडकच उलथापालथ झाला,
टोकं भलतीकडे वळली,
तर धक्का कुठून आला ते तुम्ही कसं ठरवता?

अजून उत्तर नाही.
मी रोज कट्टा पुसते. दगड उचलते, खालची धूळ काढते,
खाणीचीच धूळ, पिठासारखी,
आणि ठेवताना बघून ठेवते,
टोक तिकडेच.