तेवीस आणि एक

ओर्साच्या शाळेत, सुतारकामाच्या खोलीत,
भिंतीवर खिळे होते चोवीस.
प्रत्येक खिळ्याला एक म्यान, म्यानात एक सुरी.
बर्चच्या लाकडाची मूठ, लाल रंगाची,
पातं बोटभर.
दुकानात ती हातोडीच्या शेजारी, बरणीत उभी असायची,
चमचे ठेवतात तशी.
किंमत: दोन कॉफी आणि एक दालचिनीचा पाव.

घडीचा चाकू इंगेगेर्ड बाई वर्गात येऊ देत नसत.
तो ऐन वेळी बोटावर मिटतो, म्हणायच्या.
ही मिटत नाही.
जी मिटत नाही तिच्याशी नीट वागायला शिकता येतं.

पहिल्या दिवशी हात लांब करून गोल फिरायला लावलं.
एवढ्या रिंगणात दुसरं कुणी नको.
देताना मूठ दुसऱ्याकडे, पातं आपल्याकडे.
आणि पहिलं काम: सुरीनं सुरी कोरायची.
लाकडाची, लोणी लावायची.
माझी वल्ह्यासारखी झाली.
आई म्हणाली, असू दे, आता होडी तेवढी घेऊ.

तास संपला की बाई मोजायच्या.
ओठ हलायचे, आवाज नसायचा.
चोवीस झाले की दार उघडायचं.

करवत-गिरणी बंद पडली त्या हिवाळ्यात
आमच्या घरात स्वस्त काहीच नव्हतं.
दोन कॉफी आणि एक पावसुद्धा नाही.
आणि सतराव्या खिळ्यावरची सुरी
माझ्या मुठीत अशी बसायची
की ठेवताना बोटं उघडायला उशीर लागे.

मी तिच्याच धारेनं तिची जुळी बहीण कोरली.
तीन तास लागले, तीन आठवड्यांचे, बाकाखाली.
बाबांच्या लाल रंगाच्या डब्याचा तळ खरवडून मूठ रंगवली.
पापणीचं पातं लवतं न लवतं तोच
लाकडाची म्यानात, लोखंडाची बुटात.
बाईंचे ओठ हलले.
दार उघडलं.

एकतीस वर्षं.
तिनं मी मासे साफ केले, एल्कचं कातडं सोडवलं,
ओल्या सरपणाच्या आतली कोरडी ढलपी काढून
उणे पंचवीसमध्ये शेकोटी पेटवली,
मुलीच्या बोटातलं कूस काढलं.
दगडावर घासून घासून पातं
वाळुंजाच्या पानाएवढं उरलं.
सोन्याची नव्हती, उरी मारून घ्यायचा प्रश्नच नव्हता.
पण पाहुण्यांनी विचारलं, कुठून घेतलीस,
की मी दुकानाचं नाव सांगायचो.
दर वेळी वेगळं.

परवा गेलो. तळ्याकाठी, वृद्धाश्रमात, खोली नऊ.
वर्तमानपत्रात गुंडाळून.
सिक्स्तेन, म्हणाल्या, बूट काढ, आत बर्फ आणतोयस.
मी पुडी सोडली.
त्यांनी पातं नखावर टेकवलं. घसरलं नाही.
धार बरी राखलीस.

मग उठल्या, ब्रेड काढला, लोण्याचा डबा काढला.
डब्यात, लोण्यात रुतलेली,
रंग उडालेली, मुठीपाशी चीर गेलेली,
माझी.

कधी कळलं? विचारलं मी.
त्याच दिवशी, म्हणाल्या. लाकूड हलकं असतं,
म्यान खिळ्याला वेगळं लटकतं.
नवी मी आणली दुकानातून. काय मोठी किंमत होती.
मग त्या दिवशी चोवीस कसे मोजलेत?
तेवीस आणि एक, म्हणाल्या,
आणि माझ्या ब्रेडला लोणी लावू लागल्या.

पाठ जाड ठेवलीस हिची, म्हणाल्या.
अजून थोडं काढायला हवं होतं.

निघताना त्यांनी सुरी परत दिली.
मूठ माझ्याकडे.
पातं त्यांच्याकडे, आणि त्यांचा हात
थरथरत होता,
म्हणून मी घाईनं घेतली.
घाईनं घ्यायची नसते, म्हणाल्या.