कॅन्सल

वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा.
कडूंच्या ग्रिलच्या कारखान्यात मी बिलं लिहितो,
बारा वर्षं.
ठिणगीकडं बघायचं नाही,
लोखंडातलं एवढंच शिकलो.

फोन दुपारी आला.
घणसोली, सातवा मजला, बेडरूमची खिडकी,
साडेचार बाय चार, सळ्यांत अंतर तीन इंच.
"डोकं जाता कामा नये," तिनंच बजावलं होतं,
इथे उभी राहून, दोनदा,
हसत, पोटावर हात ठेवून.
आता म्हणाली, ती ऑर्डर कॅन्सल करा.

कारणाचा रकाना मी रिकामा सोडला.
बिलावर दोन तिरक्या रेघा, मधे तो शब्द.

शब्द इंग्रजांचा, पण आमच्याकडं
मीटर रीडिंगवाल्यासारखा न विचारता आत येतो.
साखरपुडा कॅन्सल. रिक्षा कॅन्सल.
आई "कॅन्शल" म्हणायची
आणि हवेत बोटानं फुली मारायची.

रात्री मुलीच्या जाड डिक्शनरीत पाहिला.
मूळ लॅटिन. अर्थ, जाळी.
चुकलेल्या मजकुरावर लेखनिक रेघा ओढायचे
आडव्यातिडव्या, खिडकीच्या जाळीसारख्या,
तेच पुढे क्रियापद झालं.
कचेरीत त्या जाळीपाशी बसणारा कारकून
चढत चढत चान्सलर झाला म्हणे.
मी अजून बिलबुकापाशीच.
आणि त्याच्याही मागे, खोल तळाशी,
तुरुंगाचा शब्द आहे असं म्हणतात.

म्हणजे पुसणं नव्हेच ते.
मजकूर आत, आपण बाहेर.
वाचता येतं. हात पोचत नाही.

सकाळी म्हटलं, शेठ, तिचा ॲडव्हान्स परत करू.
नियम नाही, म्हणाले.
चहा संपेपर्यंत गप्प.
मग, "कॅन्सल चेक मागव तिच्याकडनं."

व्हॉट्सॲपवर फोटो आला.
दोन तिरक्या रेघा, मधला शब्द जरा कापरा,
खाली हर्षला निनाद वैती,
खात्याचा एकेक आकडा स्वच्छ.
दिसायलाच लागतो,
नाहीतर बँक घेत नाही.

ग्रिल अजून दाराशी उभं आहे,
लाल प्रायमर लावलेलं.
कुणाच्याच मापात बसत नाही.
भंगारवाला दोनदा येऊन गेला,
शेठ म्हणाले, असू दे.

चारच्या सुमाराला ऊन त्याच्यातून आत येतं.
टेबलावर, माझ्या हातावर,
नव्या कोऱ्या बिलावर
सावलीच्या सळ्या पडतात.
मी गिऱ्हाइकाचं नाव विचारतो
आणि लिहायला घेतो.