गंज, गडवा, कोपर

कूलरला खस लावायच्या आधी
मी स्वयंपाकघर उपसायला काढलं.
बेझनबागेतल्या दोन खोल्या,
भांडी मात्र चार बिऱ्हाडांची.

बोधीनं ओसाकाहून फोटो पाठवला होता:
एक सुरी, एक कढई, खुंटीवर एक फडकं,
आणि ओटा असा रिकामा
की मला वाटलं, घरमालकानं खाली करायला लावलं.
"आई, इथे या मोकळ्या जागेला नाव आहे,"
ती म्हणाली, "मा."
मी ऐकलं, माय.
फोनला जरा खरखर होती.

उतरवलं मग सगळं.
तेरा डबे, त्यातल्या सहांत काहीच नाही,
एकात फल्लीदाणे, एकात दुसऱ्या डब्यांची झाकणं.
संत्र्याच्या वाळल्या साली, कशासाठी ते आठवेना.
मिक्सरची तीन भांडी;
मिक्सर कधीच जळला.
आणि स्टील.
इतवारीतून रिक्षात मांडीवर धरून आणलेलं,
लग्नात आलेलं,
ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं:
गेडाम गुरुजींकडून, मंगल परिणय, १९९१.
गुरुजी गेले.
अक्षरं अजून बोटाला लागतात.

भंगारवाला तोलताना नावं वाचत नाही.
कोपरावर टिचकी मारून म्हणाला,
"बाई, माल तं चांगला हाये, काहून विकून राहिल्या?"
जपानची रीत आहे, म्हटलं.
तो हसला नाही. काट्याकडे पाहत राहिला.

दुपारी तीनला ओटा सापडला.
काळा कडप्पा, मधोमध पांढरी रेघ.
सव्वीस वर्षं मी त्यावर कणीक मळली
आणि ही रेघ पाहिलीच नव्हती.
तळवा टेकवला. बाहेर पंचेचाळीस,
तेवढाच तुकडा थंड.

बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.
आणि मग ते आठवलं.
माझ्या मायच्या चुलीपाशी
एक गंज, एक गडवा, एक कोपर.
कोपरात पीठ मळायचं, धुऊन त्यातच
आम्ही तिघं जेवायचो,
आणि पाहुणा आला की मायला भूक नसायची.
त्या भिंतीचा कुणी फोटो काढला असता
तर बोधीला आवडला असता.

मॉडेल मिलचा बोनस झाला त्या वर्षी
मायनं पहिला स्टीलचा डबा आणला.
त्यात ठेवायला काही नव्हतं.
तरी रोज राखेनं घासायची,
दारातून दिसेल असा मांडायची.

सहा रिकाम्या डब्यांतला तो एक.
तेवढा परत फळीवर ठेवला. बाकी फळी मोकळी.
फोटो पाठवला.
बोधीनं विचारलं, डब्यात काय आहे?
मी टाइप केलं: मा
फोननं आपल्या मनानं पुढे य जोडला.
खोडणार होते,
तेवढ्यात भात उतू गेला
आणि ओटा पुन्हा पुसावा लागला.